‘रजिस्ट्रेशन आहे, पॅन आहे, अजून काय हवं?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

वस्तीतल्या मदत ग्रुपला देणगी देण्याआधी काय तपासावं, या माझ्या मागच्या लेखावर पुण्यातल्या सिंहगड रस्त्याच्या एका वाचकांची लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. तिचा मुख्य भाग असा : ‘घरात बसून पावत्यांवर भिंग धरणाऱ्या पेठी लोकांना पुराचं पाणी काय कळणार? जुलै 2024 मध्ये एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा याच ग्रुपने चादरी आणि धान्य पोचवलं. आमच्या ग्रुपकडे सरकारी उद्यम रजिस्ट्रेशन आहे, पॅन आहे, अजून काय हवं? शंभर रुपयांसाठी उलटतपासणी करणाऱ्यांनी देऊच नये. घोटाळे तर नोंदणीकृत संस्थांनीच केलेत. आणि रोख देणगीची मर्यादा तुम्हीच चुकीची लिहिली आहे.’

शेवटचं आधी घेतो. तिथे आपलं बरोबर आहे. देणगीवर प्राप्तिकरात मिळणारी 80जीची वजावट हवी असेल तर रोखीने 2,000 रुपयांपर्यंतच देता येतं. मी 10,000 ही जुनी मर्यादा लिहून गेलो; ती 2017-18 या आर्थिक वर्षापासून बदलली आहे. लेखात दुरुस्ती केली. आभार.

आता भाषेविषयी. ‘पेठी लोक’ म्हणजे काय? मी कुठल्या पेठेत राहतो याचा पावतीवरच्या क्रमांकाशी काय संबंध? एकोणीस वर्षं मी विश्वस्त संस्थांचे हिशेब लिहितो आहे. ढोले पाटील रस्त्यावरच्या धर्मादाय कार्यालयात संस्थांचे कागद घेऊन किती वेळा उभा राहिलो याची मोजदाद नाही. तेव्हा ‘घरात बसून’ हे शब्द मला लागले, हे स्पष्ट सांगतो. मुद्दा खोडायचा तर खुशाल खोडा, पण माणसाला हिणवून नव्हे.

आणि ज्या वाक्यावर आपला एवढा भरवसा आहे, तेच कच्चं आहे.

उद्यम ही सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांची नोंद. आधार क्रमांक वापरून घरबसल्या, विनाशुल्क होते. ती असण्यात गैर काही नाही, पण तिच्यावरून संस्था धर्मादाय ठरत नाही. शॉप अ‍ॅक्टचा दाखला, जीएसटी क्रमांक, नोटरी केलेला ट्रस्ट डीड यांचंही तेच. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरची माहितीही संस्थेने स्वतः भरलेली असते, आणि तिथला क्रमांक म्हणजे कामाच्या सचोटीचा दाखला नव्हे. आपल्याकडे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 आहे आणि विचारायचा तो त्याखालचा नोंदणी क्रमांक.

तो नुसता आहे का हे पाहू नका, वाचा. पहिलं अक्षर संस्थेचा प्रकार सांगतं. ‘ए’ म्हणजे हिंदू धार्मिक न्यास, बहुतेक वेळा देवस्थान. ‘ई’ म्हणजे धर्मादाय न्यास. ‘एफ’ म्हणजे 1860च्या संस्था नोंदणी कायद्याखालची संस्था. तिला ‘महाराष्ट्र’ने सुरू होणारा वेगळा क्रमांकही असतो. पावतीवर त्या दोनपैकी एकच असेल तर दुसरा मागायचा. रुग्णमदतीच्या पावतीवर ‘ए’ क्रमांक दिसला तर त्या देवस्थानाच्या विश्वस्तांना जाऊन विचारायचं, कारण दुसऱ्याचा क्रमांक छापून पावतीपुस्तक काढणं अवघड नसतं. धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर संस्था शोधता येते. शंका उरलीच तर परिशिष्ट 1ची, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीची, नक्कल अर्ज करून मिळते. त्यात विश्वस्तांची नावं असतात. वर्गणी मागायला दारात येणारी मंडळी आणि ती नावं यांचा मेळ बसतो का, ते पाहा. विश्वस्त बदलले असतील तर 90 दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. जुनी नावं वर्षानुवर्षं तशीच असतील तर एकतर कारभार ढिला आहे किंवा आत भांडण आहे. (कंपनी कायद्याच्या कलम 8 खालची संस्था असेल तर तिची नोंद कंपनी निबंधकांकडे सापडेल.)

दुसरं, पॅन. ‘पॅन आहे’ म्हणालात. पॅन तर माझाही आहे! त्याचं चौथं अक्षर पाहिलंत का? ‘टी’ म्हणजे ट्रस्ट, ‘ए’ म्हणजे व्यक्तींचा समूह, ‘सी’ म्हणजे कंपनी आणि ‘पी’ म्हणजे एक माणूस. ‘पी’ असेल तर तुमचे पैसे कायद्याच्या दृष्टीने त्या माणसाचे झाले. उद्या तो गेला तर त्या खात्यावर वारस हक्क सांगतील, कारण बँकेच्या लेखी ग्रुप अस्तित्वातच नाही. हेच क्यूआर कोडचं. स्कॅन केल्यावर, पिन टाकण्याआधी, पडद्यावर खातेदाराचं नाव येतं. फलकावर संस्था आणि पडद्यावर एखाद्या काकांचं नाव असेल तर तिथेच थांबा. काका भले असतील, पण खात्याचा हिशेब मागायचा अधिकार तुमच्याकडे उरत नाही.

तिसरं, हिशेब. नोंदणीकृत संस्थेला ऑडिट करून ताळेबंद परिशिष्ट 8 मध्ये आणि उत्पन्न-खर्च परिशिष्ट 9 मध्ये द्यावा लागतो. परिशिष्ट 9 मध्ये ‘उद्दिष्टांवरील खर्च’ वेगळा दाखवलेला असतो आणि त्यातही धार्मिक, शैक्षणिक, वैद्यकीय, गरिबांना साहाय्य अशा ओळी असतात. रुग्णांसाठी पैसे गोळा करणाऱ्या ग्रुपच्या हिशेबात वैद्यकीयची ओळ रिकामी आणि आस्थापना खर्च भरलेला असेल तर आणखी पुरावा कशाला हवा? ताळेबंदात ‘विश्वस्तांना दिलेली आगाऊ रक्कम’ हीही एक ओळ असते. ती दरवर्षी फुगत गेली असेल तर कारण विचारा. दोन पानं आहेत. वाचायला दहा मिनिटं पुरतात.

एका रुग्णासाठी आवाहन असेल तर याहून सोपं आहे. रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकांना फोन करून रुग्ण दाखल आहे का ते विचारा आणि रुग्ण क्रमांक लिहून पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात भरा. खऱ्या नातेवाइकांची याला सहसा हरकत नसते.

‘शंभर रुपयांसाठी’ हा मुद्दा मी सोडून देतो. तुमच्याच सोसायटीत चारशे फ्लॅट असतील तर चाळीस हजार होतात. नोंदणीकृतांच्या घोटाळ्यांचा विषय निराळा आहे, त्यावर इथे लिहीत नाही.

एकतानगरीत चादरी वाटणाऱ्यांना मी बोगस म्हटलेलं नाही. लेख पुन्हा वाचा. तातडीच्या वर्गणीसाठी नोंदणी नसलेल्यांनाही सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 41क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घेता येते. गणेश मंडळं दरवर्षी घेतात. तुमच्या ग्रुपने 2024 मध्ये ती घेतली होती का, आणि त्या वर्गणीचा हिशेब दिला का, एवढं त्यांना विचारा. पॅनचं चौथं अक्षरही विचारा. उत्तर आलं की इथे लिहा, मी वाचून सांगतो. फक्त या वेळी पेठ वगळून लिहा.