रनिंग स्टार्ट आणि ‘बालपण हिरावणं’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

मागच्या लेखाखाली तुम्ही न्यू जर्सीतून ‘एडिसनचा एक बाबा’ अशी सही करून भलीमोठी प्रतिक्रिया लिहिलीत. तिला ‘धन्यवाद, मत पोहोचलं’ म्हणून वाटेला लावणं जिवावर आलं, म्हणून हे सविस्तर उत्तर. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आमच्या वॉशिंग्टन राज्यात अकरावी-बारावीची मुलं ‘रनिंग स्टार्ट’ योजनेखाली कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजात) जाऊन विषय घेऊ शकतात, ते हायस्कूल आणि कॉलेज दोन्हीकडे धरले जातात, आणि हे मुलांच्या फायद्याचं आहे, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं: ही कोटा-लातूरचीच घाई, फक्त अमेरिकन वेष्टनात, आणि त्यापायी आपण मुलांचं बालपण हिरावून घेतो. कम्युनिटी कॉलेजचा दर्जा बेताचा, हुशार मुलाने एपी (हायस्कूलमध्येच शिकवले जाणारे कॉलेजच्या पातळीचे विषय) घ्यावं. या विषयांची क्रेडिट्स, म्हणजे पदवीसाठी मोजले जाणारे अंक, चांगल्या कॉलेजात कुणी विचारत नाही. आणि मुळात हुशार मुलंच तिकडे जातात, तेव्हा निकाल चांगले लागले तर नवल ते काय! शेवटी तुम्ही विचारलंत की तुमचा मुलगा दहावीत आहे, त्याचं काय करू?

क्रेडिट्सपासून सुरुवात करते, कारण त्या आक्षेपात बरंच तथ्य आहे आणि आपल्या मंडळींचा सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. इथे गणपतीत जेवणाच्या रांगेत हमखास ऐकू येतं, “रनिंग स्टार्ट केलं की दोन वर्षं वाचली.” वाचतात, पण कुणाची आणि कुठे? कम्युनिटी कॉलेजात ९० क्वार्टर क्रेडिट्सची ठरावीक ट्रान्सफर पदवी (पुढे विद्यापीठात जाण्यासाठीची दोन वर्षांची पदवी) पूर्ण केली, तर राज्यातली सरकारी विद्यापीठं ती धरतात, तसा त्यांचा आपसांत करार आहे. विषयाच्या क्रमांकात ‘अँड’चं (&) चिन्ह दिसलं की तो विषय राज्यातल्या सगळ्या कम्युनिटी कॉलेजांत त्याच नावाने आणि त्याच क्रमांकाने चालतो असं समजायचं. इतपत व्यवस्था चोख आहे. राज्याची हद्द ओलांडली किंवा नामांकित खाजगी कॉलेजाकडे वळलं, की मात्र तुमचं म्हणणं खरं ठरतं. हायस्कूलच्या ग्रॅज्युएशनसाठी वापरलेलं क्रेडिट आम्ही पुन्हा धरत नाही, असं तिथली कितीतरी कॉलेजं स्पष्ट सांगतात.

राज्यातही सगळं सरळ नाही. कम्प्युटर सायन्सचंच घ्या, आपल्या निम्म्या घरांचं घोडं तिथेच अडतं. युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनच्या सिॲटल कॅम्पसला त्या विषयात मुख्यतः हायस्कूलमधून थेट प्रवेश मिळतो, आणि रनिंग स्टार्टची मुलंही तिथे फर्स्ट इयरचेच अर्जदार असतात. खिशात ९० क्रेडिट्स असली तरी रांग तीच. इंजिनिअरिंगला जाणाऱ्याला तर नेहमीची ट्रान्सफर पदवी पुरतही नाही. त्याच्यासाठी असोसिएट ऑफ सायन्सचा वेगळा ट्रॅक आहे, त्यात गणित आणि फिजिक्सची साखळी एकदा चुकली की पुढचं सगळं वेळापत्रक कोलमडतं. तेव्हा ‘दोन वर्षं वाचतात’ हे कारण सांगून कुणी मुलाला पाठवत असेल तर मी त्याला आधी थांबवीन.

मग फायदा कसला, म्हणाल. माझ्या मते तो बालपणाच्या मुद्द्यातच आहे, म्हणून त्यावर जरा जास्त लिहिते.

कोट्याचं गणित एका परीक्षेवर आणि एका रँकवर उभं असतं. इथे रँकच नाही. उलट वेळ किती मोकळा होतो ते पाहा. कॉलेजचा पाच क्रेडिट्सचा विषय म्हणजे हायस्कूलचं एक क्रेडिट. हायस्कूलमध्ये वर्षभर रोज बसून जो विषय होतो तो इथे एका क्वार्टरमध्ये, म्हणजे साधारण अकरा आठवड्यांत संपतो. पूर्ण वेळ घेतलं तरी एका वेळी तीनच विषय, आणि आठवड्याला पंधरा-एक तास वर्ग. घरचा अभ्यास भरपूर असतो, पण सकाळी सातला बस पकडून दुपारपर्यंत सहा-सात तासिका उरकायच्या, हा प्रकार थांबतो. माझ्या लेकीने एकदम उडी मारलीच नाही. आधी फक्त इंग्रजीचा एक विषय घेतला, बाकी सगळं हायस्कूलमध्येच ठेवलं. ऑर्केस्ट्रा शेवटपर्यंत सोडला नाही. प्रॉमला, म्हणजे हायस्कूलच्या नाचाच्या समारंभालाही, गेली. ड्रेसवरून आमच्या घरात जे महाभारत झालं ते इतर घरांत होतं तेवढंच होतं.

बदललं ते वर्गातलं वातावरण. केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये तिची पार्टनर होती दोन मुलांची आई. ती रात्री हॉस्पिटलमध्ये नर्सिंग असिस्टंटचं काम करायची आणि दिवसा नर्सिंगच्या प्रवेशासाठी लागणारे विषय पूर्ण करायची. त्या प्रवेशाला केमिस्ट्रीची ग्रेड मोजली जाते, त्यामुळे बाईंना एकेक मार्क महत्त्वाचा. पहिल्याच प्रयोगाला आमच्या कन्यारत्नाने हँडआउट वाचलंच नव्हतं. बाई ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “मी ड्यूटीच्या ब्रेकमध्ये वाचून आले. तुला वेळ नाही मिळाला?” त्यानंतर प्रयोगाच्या आदल्या रात्री आमच्या डायनिंग टेबलवर प्री-लॅबची वही न सांगता उघडायला लागली. हेच मी वर्षभर कानीकपाळी ओरडून सांगत होते, त्याचा शून्य उपयोग झाला होता! सोळा वर्षांच्या मुलांच्या वर्गात सगळेच सोळा वर्षांचे असतात, आणि शिकण्यासाठी कुणी काय सोडून आलंय हे तिथे दिसत नाही.

दुसरा प्रसंग. कॅनव्हास या कॉलेजच्या ऑनलाइन साइटवर रात्री ११:५९ ला लॅब रिपोर्टची मुदत संपली, आणि हिने बारा वाजून काही मिनिटांनी अपलोड करायला घेतला. सकाळी डोळे सुजलेले. “आई, तू सरांना मेल कर ना.” आता गंमत अशी, की कॉलेजात पाऊल टाकलं की वय काहीही असो, तिथल्या नोंदींवरचे हक्क फर्पा या फेडरल कायद्याने विद्यार्थ्याकडे जातात. हायस्कूलकडची नोंद तुम्ही मागू शकता, पण कॉलेजचे प्राध्यापक आईबापांशी ग्रेडबद्दल सहसा बोलत नाहीत. (मी बारावीला असताना माझी प्रॅक्टिकलची जर्नल बाबा स्कूटरवरून सरांच्या घरी पोहोचवून आले होते. आणि सरांनी चहा पाजला होता.) शेवटी तिनेच मेल लिहिला. पहिल्या मसुद्यात तीन परिच्छेद नुसती माफी. तो खोडून दोन वाक्यं राहिली: काय झालं, आणि आता काय करू शकते. उत्तर आलं की सिलॅबसमध्ये लिहिल्याप्रमाणे दहा टक्के कापले जातील, रिपोर्ट आज द्या. रागही नाही, दयाही नाही. पुढच्या क्वार्टरला तिने पहिल्याच दिवशी सिलॅबस छापून त्यातल्या तारखा कॅलेंडरवर उतरवल्या.

हे सगळं ती घरी राहून, रात्री आमच्यासोबत वरणभात जेवत असताना शिकली. तोच दणका वर्षा-दोन वर्षांनी परगावच्या डॉर्ममध्ये बसला असता, तर आम्हाला कळलं असतं थेट सेमिस्टर संपल्यावर, तेही तिने सांगितलं तर. घरातून बाहेर पडण्याआधी घराच्या आधाराने कॉलेज करून पाहणं, हा माझ्या दृष्टीने या योजनेचा सगळ्यात मोठा फायदा. क्रेडिट्स मिळाली तर वरची साय.

आता यातला खरा धोका. त्याचा उल्लेख तुमच्या प्रतिक्रियेत नाही, पण असायला हवा होता. कॉलेजची ट्रान्स्क्रिप्ट कायमची असते. सोळाव्या वर्षी घेतलेला ‘सी’ बाविसाव्या वर्षीही तिथेच असतो. मेडिकल स्कूलच्या केंद्रीय अर्जात हायस्कूलमध्ये असताना केलेले कॉलेजचे विषयही भरावे लागतात आणि ते जीपीएत (ग्रेडच्या सरासरीत) धरले जातात. ‘आमच्याकडे डॉक्टर व्हायचं ठरलंय’ म्हणणाऱ्या घरांनी हे दोनदा वाचावं. ज्या मुलाला अजून आठवण करून दिल्याशिवाय गृहपाठ सुचत नाही, त्याला पाठवू नये. आणि विषय झेपत नाही असं दिसलं तर ‘विथड्रॉ’ करायची, म्हणजे विषय सोडायची, शेवटची तारीख कोणती, हे पहिल्या आठवड्यातच बघून ठेवावं. क्वार्टर इतका झपाट्याने सरतो की दोन आठवडे मागे पडलेलं मूल सावरेपर्यंत मिडटर्म होऊन जाते.

दर्जाबद्दल तुमच्याशी अजिबात सहमत नाही. युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये पहिल्या वर्षाचं कॅल्क्युलस शंभरावर मुलांच्या हॉलमध्ये होतं आणि शंका टीएला (शिकवायला मदत करणाऱ्या विद्यार्थ्याला) विचाराव्या लागतात. कम्युनिटी कॉलेजात तोच विषय लहान वर्गात, खुद्द प्राध्यापकांकडून. त्यांना संशोधनाचे पेपर काढायचे नसतात, शिकवणं हेच त्यांचं काम. सगळेच उत्तम असतात असं नाही, पण तसे ते कुठल्या विद्यापीठात असतात? एपी वाईट नाही. देशभर एकच अभ्यासक्रम, एकच परीक्षा, त्यामुळे दूरच्या खाजगी कॉलेजालाही त्याचा अर्थ लगेच कळतो. मात्र क्रेडिट मिळणार की नाही ते मे महिन्यातल्या एका पेपरावर आणि १ ते ५ मधल्या एका आकड्यावर ठरतं. वर्षभर नीट शिकून त्या सकाळी ताप असलेल्या मुलाचं काय होतं, हे मी शेजारी पाहिलंय.

‘हुशार मुलंच जातात’ हा आक्षेप संशोधकांनाही सुचलेला आहे. म्हणून अमेरिकन इन्स्टिट्यूट्स फॉर रिसर्चने ‘अर्ली कॉलेज’ हायस्कूलांचा (जिथे हायस्कूलसोबतच कॉलेजचे विषय होतात) अभ्यास केला तेव्हा लॉटरीने प्रवेश देणाऱ्या शाळा घेतल्या. चिठ्ठी लागलेली आणि न लागलेली मुलं सुरुवातीला सारखीच, आणि पुढे कॉलेजला जाण्यात आणि पदवी मिळवण्यात चिठ्ठी लागलेली मुलं पुढे राहिली. फेडरल शिक्षण खात्याच्या व्हॉट वर्क्स क्लिअरिंगहाउसनेही २०१७ साली उपलब्ध अभ्यास तपासून अनुकूलच निष्कर्ष काढला. अर्ली कॉलेजात मुलांना आधार जास्त मिळतो, त्यामुळे ते आकडे रनिंग स्टार्टला जसेच्या तसे लावता येत नाहीत, हे मान्य. पण सगळी करामत मुलांच्या हुशारीची, हे मात्र टिकत नाही. आणि हा काही मूठभरांचा उद्योगही राहिलेला नाही. मिनेसोटाने १९८५ साली अशा योजनेची राज्यभर सुरुवात केली, वॉशिंग्टनचा कायदा १९९० चा. २०२२-२३ मध्ये देशभरात जवळजवळ २५ लाख हायस्कूल विद्यार्थ्यांनी निदान एक तरी असा कॉलेजचा विषय घेतला. मला खटकतं ते वेगळंच: ज्या घरांत आईवडील कॉलेजला गेलेले नाहीत, त्यांच्या मुलांना याचा सगळ्यात जास्त उपयोग, आणि हे असतं याचा पत्ता त्यांनाच सगळ्यात उशिरा लागतो.

पैशांबद्दल फार लिहीत नाही. इथे ट्यूशन, म्हणजे कॉलेजची शिकवण्याची फी, माफ आहे. क्वार्टरची इतर फी आणि पुस्तकं घरून, कमी उत्पन्न असेल तर फीमध्ये सवलत. अठरापर्यंतच्या मुलांना २०२२ पासून बस फुकट, त्यामुळे माझी ड्रायव्हरकी वाचली. फ्लोरिडात सरकारी शाळेच्या मुलांना पुस्तकंही मिळतात. तुमच्या न्यू जर्सीत शाळेचा जिल्हा आणि काउंटी कॉलेज (तिथलं कम्युनिटी कॉलेज) यांच्यातल्या करारावर सगळं ठरतं, तिथे पैसे भरावे लागू शकतात. तुमच्या प्रतिक्रियेतली चीड थोडी तिथून आली असावी, असा माझा अंदाज.

एच-४ (एच-१बीवर काम करणाऱ्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) वर असलेल्या मुलांबद्दल आणखी दोघांनी विचारलंय, म्हणून जाता जाता. एकविसाव्या वाढदिवसाला एच-४ संपतो, आणि बहुतेक मुलं तेव्हा कॉलेजच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाला असतात. क्रेडिट्स आधी जमली असतील तर पदवी त्या तारखेच्या आत बसू शकते, हा मोठाच दिलासा. पण पदवीनंतर ओपीटीवर (विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या कामाच्या तात्पुरत्या परवानगीवर) नोकरी करायची तर एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर यावंच लागतं. तेव्हा पदवी लवकर संपवणं प्रत्येकाच्या सोयीचं असेलच असं नाही. इथे माझ्या ब्लॉगवर विसंबू नका, इमिग्रेशन वकिलाला विचारा.

तर तुमचा मुलगा. तो दहावीत आहे, म्हणजे वेळ हाताशी आहे. काउंटी कॉलेजचे विषय न्यू जर्सीतल्या कुठल्या विद्यापीठात कसे धरले जातात ते ‘एनजे ट्रान्सफर’ या साइटवर विषयवार दिसतं. रटगर्स या तिथल्या सरकारी विद्यापीठाचा विचार असेल तर आधी तिथे पाहा. पुढच्या वर्षी एकच विषय घ्या, आणि तो त्याच्या आवडीचा किंवा त्याच्या शाळेत नसलेला: मानसशास्त्र, इकॉनॉमिक्स, साइन लँग्वेज, काहीही. पहिल्याच फटक्यात ऑर्गॅनिक केमिस्ट्री नको. काउन्सेलरकडे फॉर्म घेऊन त्याला एकट्याला जाऊ द्या. एपी कॅल्क्युलस घेत असेल तर ते सोडायला लावू नका, दोन्ही एकत्र आरामात चालतं.