विचारवंत व्हा, पण शाल सांभाळून

विचारवंत व्हायचं ठरवलंत? उत्तम केलंत. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात वक्त्यांचा फार तुटवडा असतो. 11 तारखेला फुले जयंती, 14 ला आंबेडकर जयंती. दोन्हीकडे एकच भाषण खपतं, नाव तेवढं बदलायचं. ते बदललंय ना, हे मात्र माइक हातात घेण्याआधी बघून घ्या.

विषमतेवर प्रहार जरूर करा, फक्त ती किमान दोन जिल्हे लांबची निवडा. लांबच्या गावातला वेगळा पाणवठा झकास. तुमच्या ओट्याखाली कामवाल्या मावशींचा कप वेगळा उपडा घातलेला असतो, तो विषय स्वच्छतेचा. त्यात समाजशास्त्र आणू नये.

बोलींच्या श्रीमंतीवर बोलताना गहिवरून या. घरी नातू ‘पानी’ म्हणाला, तर तो हल्ली कुणात खेळतो याची चौकशी करा. एखादा तरुण कवी अस्खलित बोलला तर त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणा, ‘तुम्ही त्यांच्यातले वाटत नाही हो!’ तो गप्प झाला तर भारावला असं समजावं.

संयोजकांनी भाषण आधी वाचायला मागितलं तर पाठवून द्या, सोबत खोडरबरही पाठवा. ही अक्कल नसली की काय होतं ते पाहा. लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं 1936 च्या अधिवेशनासाठी डॉ. आंबेडकरांना अध्यक्ष नेमलं. छापील भाषण वाचून मंडळाला घाम फुटला. जात तोडा म्हणेपर्यंत ठीक होतं, हा गृहस्थ तिच्यामागच्या धर्मशास्त्रालाच हात घालत होता! थोडं गाळा, अशी विनंती झाली. एक स्वल्पविरामही बदलणार नाही, असं यांचं उत्तर. मग काय, अधिवेशनच बारगळलं. भाषणाच्या 1500 प्रती पदरच्या पैशानं छापलेल्या. ना शाल, ना श्रीफळ, ना प्रवासखर्च. तुम्ही असता तर स्वल्पविरामच काय, पूर्णविरामसुद्धा दिला असतात.

आपल्याकडेही असे अव्यवहारी लोक होऊन गेले. 1885 साली रानड्यांनी ग्रंथकार सभेचं आमंत्रण धाडलं, तर जोतीरावांनी ते नाकारून वर सभावाल्यांना ‘घालमोडे दादा’ म्हटलं. आगरकरांची तर पुणेकरांनी जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. (गर्दी चांगली जमते अशा वेळी, पण हार आपल्या गळ्यात पडत नाही.)

गुणवत्तेचा विषय निघाला की आवाज थोडा खाली आणा. ‘मला कळतं हो, पण शेवटी मेरिट...’ एवढं म्हणून वाक्य अर्धं सोडा. उरलेलं श्रोते मनातल्या मनात पुरं करतात. तुमची पहिली नोकरी काकांच्या एका फोनवर लागली होती, ते इथे काढू नका. तो घरगुती मामला.

समोरच्याची जात कधीही विचारू नका. आधी आडनाव विचारा. त्यावरून उलगडा झाला नाही तर मूळ गाव, तरीही अडलं तर ‘मामा कुठले?’

आणि मुलीच्या लग्नाची जाहिरात स्वतः लिहा, बायकोवर सोपवू नका. ‘पुरोगामी कुटुंब, आंतरजातीय चालेल’ हे ठळक अक्षरांत. त्याखाली बारीक टायपात ‘एससी-एसटी क्षमस्व’. शब्दागणिक पैसे पडतात म्हणून ‘क्षमस्व’ गाळण्याचा मोह होईल. गाळू नका. लोक आपल्याला सुसंस्कृत समजतात.