पपईचा रस, गुळवेल आणि किमोच्या गोळ्या: तो मेसेज पुढे पाठवू नका

"किमोच्या गोळ्यांनी पांढऱ्या पेशी उतरल्या तर गोळ्या बंद करा, पपईच्या पानांचा रस नि गुळवेल घ्या, आठ दिवसांत काउंट वर. ताप आला तर पॅरासिटामॉल घ्या, घाबरू नका." गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत हा मेसेज फिरतोय. माझ्या आईच्या अशाच गोळ्या चालू आहेत, म्हणून गप्प बसवत नाही.

काउंट वर येतो हे खरं, पण कशामुळे ते बघा. पाल्बोसायक्लिब ही कॅन्सरची गोळी (खरं तर टार्गेटेड औषध, पण लोक किमोच्या गोळ्यांतच धरतात) 21 दिवस घेतली की 7 दिवस सुट्टी असते, कॅपेसिटाबिन ही किमोची गोळी बहुतेकदा 14 दिवस आणि मग 7 दिवस सुट्टी, त्या सुट्टीत रक्तपेशी बनवणारा हाडांतला मगज सावरतो नि पेशी आपसूक वाढतात, नेमका तेव्हा रस प्यायला की श्रेय रसाला! पपईच्या पानांवरचा अभ्यास मुख्यतः डेंग्यूतल्या प्लेटलेटवर झालाय, आणि प्लेटलेट म्हणजे पांढऱ्या पेशी नव्हेत. गुळवेल घेऊन लिव्हरला इजा झालेले पेशंट तर मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवलेत.

गोळ्या डॉक्टरही थांबवतात, पण आकडा बघून. समजा रिपोर्टात टोटल काउंट, म्हणजे सगळ्या पांढऱ्या पेशी, 2100 नि त्यांतल्या न्यूट्रोफिल (इन्फेक्शनशी लढणाऱ्या पेशी) 40 टक्के, म्हणजे न्यूट्रोफिल 840. 1000 च्या खाली गेलं की बऱ्याचदा गोळी काही दिवस थांबवून परत तोच किंवा कमी डोस देतात, गरज वाटली तर या पेशी वाढवणारं फिलग्रास्टिमचं इंजेक्शन. हे सगळं त्यांनी ठरवायचं, कारण प्रत्येक गोळीचे नियम वेगळे, आणि आपल्या मनाने बंद केली तर कॅन्सरला मोकळं रान मिळतं.

पण सगळ्यात घातक ते तापाचं वाक्य. न्यूट्रोफिल 500 च्या खाली असताना साधं इन्फेक्शन काही तासांत रक्तात पसरू शकतं, आणि पू, सूज, लाली बहुतेकदा दिसत नाही कारण ते करणाऱ्या पेशीच पुरेशा नसतात, ताप हीच अनेकदा एकमेव खूण, ती पॅरासिटामॉलने दाबली तर कळणार कसं? म्हणून आधी थर्मामीटर लावा. 100.4 फॅरनहाइट किंवा वर गेला, किंवा थंडी वाजून आली, तर सकाळपर्यंत थांबू नका, लगेच डॉक्टरांना फोन, नाहीतर थेट कॅज्युअल्टी. सत्तरी तालुक्यातून बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात पोचायलाच तासाभराहून जास्त जातो, तेव्हा गाडी नसेल तर 108 लावा. आणि दारात पोचल्यावर पहिलं वाक्य हेच बोला, "किमोच्या गोळ्या चालू आहेत", कारण हातात सलाईनची सुई नसली की पेशंट किमोवर आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही.