‘द हे वेन’ नदीकाठी रंगवलेले नाही

इंग्लिश चित्रकार जॉन कॉन्स्टेबल यांनी ‘द हे वेन’ (म्हणजे गवताची गाडी) हे निसर्गचित्र इंग्लंडमधल्या स्टूर नदीकाठी बसून, समोरचे दृश्य पाहत पूर्ण केले, असा मजकूर सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे. सुमारे 130 बाय 185 सेंटिमीटरचे आणि 1821 मध्ये रॉयल अकादमीत मांडलेले हे तैलचित्र लंडनच्या स्टुडिओत घडले. स्टूरकाठच्या, सफोक परगण्यातल्या फ्लॅटफर्डच्या परिसरात पूर्वी केलेली छोटी रेखाटने हाताशी होती. गवताच्या गाडीचे रेखाटन तर त्यांनी सफोकहून मागवून घेतले. महत्त्वाचे म्हणजे, मूळ चित्राआधी त्यांनी त्याच आकाराचा संपूर्ण कच्चा आराखडा तैलरंगात केला, जो आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. त्यात काठावर कुत्र्याजवळ घोडेस्वार आहे. अंतिम चित्रात त्याच्या जागी आधी पिंप आले, मग तेही रंगाखाली झाकले गेले, तरी नीट पाहिल्यास त्याचा आकार आजही जाणवतो. एवढ्या खोडाखोडीला एका बैठकीची किमया म्हणणे हा त्या कष्टांवर अन्यायच आहे. अर्थात, कॉन्स्टेबल उघड्यावर रंगवतच नसत, असे मुळीच नाही: 1821 आणि 1822 मध्ये लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला त्यांनी ढगांचे अनेक अभ्यास जागेवर केले आणि त्यांतील कित्येकांच्या मागे तारीख, वेळ व वाऱ्याची दिशा नोंदवली.