पहिल्या वाचनालाच निकाल कशासाठी?

नव्या एकांकिकेचा पहिला खर्डा मंडळींसमोर वाचायला घेतला की दुसरे पान उलटायच्या आतच कोणीतरी "हे रंगमंचावर चालणार नाही" असे सांगून मोकळे होते, आणि या वाक्याची मला आता मनस्वी चीड येऊ लागली आहे. खर्डा कच्चा आहे हे लिहिणाऱ्याला ठाऊक असते. म्हणूनच तर तो वाचून दाखवतो. कुठे कंटाळा आला, कोणते पात्र कळले नाही, कोणत्या संवादाला कान टवकारले गेले, एवढे सांगितले तरी पुढच्या लिखाणाला दिशा मिळते. पण आमच्याकडे एकतर थेट निकाल दिला जातो, नाहीतर प्रत्येक जण आपल्या मनातले वेगळेच नाटक लेखकाच्या माथी मारतो. तोंडदेखल्या 'छान आहे'चाही काडीचा उपयोग होत नाही.

१९१२ साली लंडनहून परतल्यावर दादासाहेब फाळक्यांनी वाटाण्याच्या रोपाच्या वाढीचे रोज थोडे थोडे चित्रण करून जेमतेम मिनिटभराचा चित्रपट बनवला आणि तो निवडक लोकांना दाखवून भांडवलाची सोय केली. त्यात ना कथा होती, ना पात्रे. तरीही पाहणाऱ्याला पुढची शक्यता दिसली. (निवडक लोकांना, हे महत्त्वाचे.)

गेल्या महिन्यात आमच्या गटातल्या एका मुलीने तिसऱ्या पानावरच वाचन थांबवून वही पिशवीत ठेवली. त्यानंतर तिने काहीही वाचायला आणलेले नाही.