न्यूयॉर्क तुंबलं नव्हतं, बुडालं होतं

‘अमेरिकेचीही मुंबई होते! २०१२ च्या सँडी वादळात मुसळधार पावसानं न्यूयॉर्कचं डाउनटाउन तुंबलं. वादळ जेमतेम पहिल्या श्रेणीचं, पण गटारं साफ नव्हती. निदान जनरेटर वरच्या मजल्यावर हवे होते.’ पावसाळा आला की हा मजकूर फिरू लागतो.

पावसाचं आधी. वादळ आदळलं त्या दिवशी, २९ ऑक्टोबरला, न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात इंचभरही पाऊस पडला नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पडला होता. तुलना तिथेच संपते.

पाणी समुद्राचं होतं. शहराच्या मॅनहॅटन बेटाच्या दक्षिण टोकाला, ‘बॅटरी’ नावाच्या भागातल्या भरतीमापकावर, ते नेहमीच्या भरतीपेक्षा सुमारे ९.४ फूट वर चढलं, तेही पौर्णिमेच्या उधाणाच्या वेळी, रात्री नऊच्या सुमारास. सरासरी ओहोटीरेषेपासून १४ फूट. १९६० च्या डोना वादळाचा विक्रम १० फुटांचा होता. तेराव्या रस्त्यावरचं वीज उपकेंद्र १२.५ फुटांच्या हिशेबानं बांधलेलं, म्हणून ते गेलं आणि दक्षिण मॅनहॅटन अंधारात बुडालं.

गटारांचा गाळ काढून काय झालं असतं? गटारांची तोंडं नदीत उघडतात. नदीच रस्त्याच्या वर असेल तर पाण्याला उतारच उरत नाही.

‘पहिली श्रेणी’ म्हणजे फक्त वाऱ्याचा वेग. किनाऱ्याला लागताना तो ताशी १३० किमीच्या आसपास होता, पण वादळाचा व्यास सुमारे १,६०० किमी. त्यात ते डावीकडे वळून न्यू जर्सीवर जवळपास काटकोनात आदळलं. न्यू जर्सी आणि लाँग आयलंड यांच्यामधल्या कोपऱ्यात पाणी कोंबलं गेलं. हे श्रेणीत कुठेच दिसत नाही.

जनरेटरचा मुद्दा अर्धा खरा, म्हणून जास्त फसवा. बेलव्ह्यू रुग्णालयाचे जनरेटर तेराव्या मजल्यावरच होते. इंधनाचे पंप तळघरात. पंप बुडाले, तेव्हा माणसांनी जिन्यानं इंधन हातोहात वर चढवलं, तरीही शेवटी रुग्णालय रिकामं करावं लागलं. आगीच्या धोक्यामुळे मोठी टाकी सहसा खालीच असते. तेव्हा जनरेटर कुठे आहे एवढंच विचारू नका: पंप, टाकीच्या हवानळीचं तोंड, बाहेरच्या विजेवरून जनरेटरवर नेणारं पॅनेल, लिफ्टची यंत्रणा, यातलं एकही पूररेषेखाली असेल तर वरचा जनरेटर शोभेचा.

आणि पाणी ओसरलं म्हणजे सुटलो असंही नाही. खारं पाणी वाळलं तरी मीठ मागे राहतं, ओल धरतं आणि रिले (विजेवर चालणारे स्विच), केबलचे सांधे महिनोन्‌महिने खात बसतं. २००९ ला उघडलेलं साउथ फेरीचं भुयारी स्थानक पुन्हा सुरू व्हायला २०१७ उजाडलं.