अजून चार दिवस

"अजून चार दिवस मिळायला हवे होते." पुण्यातला माझा मावसभाऊ अजूनही हेच म्हणतो. मे २०२५ मधल्या भारत-पाकिस्तान संघर्षाबद्दल. १० मेला शस्त्रसंधी झाली आणि ती जाहीर करणाऱ्या परराष्ट्र सचिव विक्रम मिस्रींना आपल्याच लोकांनी समाजमाध्यमांवर शिव्या घातल्या, त्यांच्या मुलीलाही सोडलं नाही. मला त्याची लाज वाटली. दादाला नाही वाटली, आणि तेच मला अजून बोचतं.

मी इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डमध्ये इतिहास शिकवते. पहिल्या महायुद्धाचा धडा घेण्याआधी नववीला ‘डिप्लोमसी’ खेळायला देते. ॲलन कॅलहॅमरचा हा पटावरचा खेळ १९५९ साली बाजारात आला. १९०१ चा युरोप, सात सत्ता, जिंकायची ३४ रसद-केंद्रं. १८ हाती आली की जिंकलात. फासे नाहीत. प्रत्येक सैन्याचं बळ सारखंच, त्यामुळे एकट्यानं धडक दिली तर समोरचा जागचा हलत नाही; दुसऱ्या सैन्याचा पाठिंबा लागतो. तो शेजाऱ्याकडून हवा तर आधी त्याच्याशी बोलावं लागतं. दिलेला शब्द पाळायची सक्ती मात्र कुणावरच नाही. सगळे हुकूम गुपचूप लिहायचे, चिठ्ठ्या एकदमच उघडायच्या. ऑस्ट्रिया वाट्याला आलेली पोरं इटली, रशिया, तुर्कस्तान या तिघांशी एकाच वेळी वैर घेतात आणि सत्राच्या मधल्या सुट्टीआधीच नकाशावरून जातात. चौदा वर्षांच्या मुलांना हे कळतं!

दादा म्हणाला, "तिकडे बसून पोरांचे खेळ नको सांगूस." मी म्हटलं, इथे रात्री दहाच्या बातम्यांत कुणी टेबलावर मुठी आपटत नाही. त्यावर त्यानं विचारलं, "तुझा पासपोर्ट कुठला?" रंग दोन्हींचा निळाच. पण पुण्यात मला मत देता येत नाही, हे खरं आहे.

त्याच आठवड्यात वर्गात डाव चालू होता. रशिया एका मुलाकडे होता. त्याची आजी पाकिस्तानच्या ताब्यातल्या काश्मीरमध्ये, कोटलीत राहते. तुर्कस्तान एका गुजराती मुलीकडे. काळा समुद्र दोघांनीही मोकळा सोडायचा, असं ठरलं. मी त्याच्या बाकाशेजारी उभी राहिले, तो काय लिहितो ते बघत. चिठ्ठ्या उघडल्या. त्यानं शब्द पाळला होता. अंकाऱ्याचं आरमार काळ्या समुद्रात घुसलं. तिच्या चिठ्ठीकडे मी एकदाही पाहिलं नव्हतं. वीस वर्षं इथे राहून, दादाला शहाणपण शिकवून, माझी नजर त्या मुलावरच होती.

शस्त्रसंधीनंतरच्या सोमवारी तास संपल्यावर तो मागे थांबला. "मिस, तुमच्या घरचे सगळे ठीक आहेत ना?"

पुण्यात काहीच झालं नव्हतं. ७ मेच्या हल्ल्यांच्या यादीत कोटलीचं नाव मी वाचलं होतं, आणि त्याच्या आजीबद्दल त्याला एका शब्दानं विचारलं नव्हतं.